ई-पीक पाहणीत '1' भरलं, पण एकर की हेक्टर?

सांगली जिल्ह्यात एखाद्या शेतकऱ्याला 'रान किती?' विचारलं, तर उत्तर एकर-गुंठ्यात येतं. सातबारा मात्र हेक्टर-आरमध्ये असतो आणि ई-पीक पाहणीच्या ॲपमध्येही क्षेत्र त्याच मापात भरायचं असतं. 'एक एकर ऊस' मनात धरून रकान्यात 1 टाकला, तर नोंद होते एक हेक्टरची, म्हणजे जवळपास अडीच एकरांची.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभरातले शेतकरी पिकाची नोंद स्वतः मोबाइलवरून करू लागले. ही नोंद सातबाऱ्यावर येते आणि विमा, पीक कर्ज, नुकसानभरपाई या कामांत तिचा आधार घेतला जातो. त्यामुळे फॉर्ममधला रकाना कसा आहे, हा प्रश्न फक्त संगणकवाल्यांचा राहत नाही.

क्षेत्राच्या रकान्यात फक्त आकडेच घेतले, म्हणून चूक टळत नाही. गटाच्या एकूण क्षेत्रापेक्षा मोठा आकडा अडवता येतो. पण गट तीन एकरांचा, म्हणजे साधारण 1.21 हेक्टरचा असेल, तर चुकून भरलेला 1 त्या चाळणीतूनही निसटतो. यावर साधा उपाय आहे. हेक्टर आणि आर यांचे दोन वेगळे रकाने ठेवायचे आणि आकडा टाकताच खाली 'सुमारे 2 एकर 19 गुंठे' असं दाखवायचं. आपलं रान किती, हे शेतकऱ्याला पाठ असतं. चूक तिथेच त्याच्या लक्षात येईल.

पिकाचं नाव टाइप करायला लावलं, तर सोयाबीन चार प्रकारे लिहिलं जाईल आणि बेरीज करणाऱ्याची पंचाईत होईल. तिथे यादीच हवी, पण शोधता येणारी. उसात भुईमुगाचं आंतरपीक असेल, तर एकच पर्याय निवडू देणारं गोल बटण चालत नाही, एकापेक्षा जास्त खुणा करता येणारे चौकोन लागतात. लागवडीच्या तारखेला कॅलेंडर ठीक, पण दहा वर्षांपूर्वीच्या द्राक्षबागेसाठी महिना-महिना मागे सरकायला लावणं हा छळच. तिथे आधी वर्ष निवडू द्यावं.

काही आकडे तर संख्या नसतातच. सांगलीचा दूरध्वनी कोड 0233 संख्या म्हणून साठवला, की पुढचं शून्य गळून 233 उरतो. त्यांची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही, म्हणून ते मजकूर म्हणूनच साठवायचे, फक्त कीबोर्ड आकड्यांचा द्यायचा.

2022 मध्ये आलेल्या ॲपच्या दुसऱ्या आवृत्तीत, केलेली नोंद 48 तासांत एकदा दुरुस्त करण्याची मुभा मिळाली. एकराच्या जागी हेक्टर पडल्याचं तेवढ्या वेळात कळलं, तरच ती उपयोगी पडते.