बिग हाउसमधले आजोबा

फुटबॉल म्हटलं की पायच आठवतात ना? अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये मात्र चेंडू लांबुळका आणि बहुतेक वेळ हातातच! ४ प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. एवढं कळलं की सामना बघता येतो.

मी अ‍ॅन आर्बरला शिकायला गेलो आणि मिशिगन विद्यापीठाच्या संघाचा झालो, तो कायमचाच. त्यांचं मैदान म्हणजे 'बिग हाउस'. १९२७ सालचं. बरंचसं जमिनीत खणलेलं, म्हणून बाहेरून बेताचंच दिसतं. आत शिरलात की लाखाच्या वर माणसं!

१ सप्टेंबर २००७. समोर अ‍ॅपलॅचियन स्टेट, खालच्या गटातला संघ. आमचा नंबर देशात पाचवा! पुढच्या रांगेत त्यांच्या बाजूचे एक आजोबा एकटेच बसले होते. "आजोबा, लवकर निघा, बस चुकेल," मी दोनदा ओरडलो. लोक हसले. मला भारी वाटलं.

शेवटच्या काही सेकंदांत आमची किक त्यांनी अडवली. ३४-३२. हरलो! आजोबा वळले, माझा हात हातात घेतला नि म्हणाले, "छान खेळली तुमची पोरं." मला मान वर करवेना.

तेव्हा मुलांनो, सामन्याला टोपी न्या, शेवटची शिट्टी होईस्तोवर उठू नका आणि शेजारी समोरच्या संघाचा कुणी असेल, तर आधी त्याला शेंगदाणे द्या. मी पुढच्याच शनिवारी दोन पुड्या घेतल्या. त्या दिवशी ओरेगॉननं आम्हांला ३९-७ असं धुतलं, पण शेजारच्या काकूंशी गप्पा मात्र छान झाल्या.