दंड लिहिला आमच्याच हाताने



हिशेब ठेवणाऱ्या माणसाला एक खोड असते. नुकसान दिसले की ते कुणाच्या तरी नावावर टाकल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आमचे निम्मे आयुष्य जमा आणि खर्च या दोन रकान्यांत गेले, त्यामुळे ही खोड आम्हालाही आहे. या खोडीपायी आमच्या हातून नुकतीच एक चूक घडली. ती सांगावी आणि त्यातून जे शिकलो ते आपल्या घराघरांत पोचवावे, म्हणून आजचा हा लेख.

मुळशी तालुक्यातील माले हे गाव पौड ओलांडून मुळशी धरणाकडे जाताना लागते. 1921 साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या साथीने ज्याच्याविरुद्ध सत्याग्रह केला, तेच हे धरण. त्याचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात भिऱ्याला उतरते आणि तेथे वीज तयार होते. अशा या मालेत आपल्या दहा भगिनींचा एक बचत गट आहे. महिन्याच्या अखेरीस आम्ही जातो, वही तपासतो आणि हप्ते लिहून देतो.

गटाने दोन वर्षांपूर्वी केक आणि नाचणीची बिस्किटे करण्यासाठी जुना स्टँड मिक्सर घेतला. आपल्या घरी चटणी वाटायचा मिक्सर असतो, तो हा नव्हे. याला खाली मोठे भांडे असते, वर झुकलेले डोके असते आणि डोक्याखाली बीटर किंवा पीठ मळायचा हुक लावतात. किंमत नऊ हजार. त्यातले सहा हजार कर्जाऊ. वाढदिवसाचे केक, शनिवार-रविवारी धरणाकडे येणाऱ्या मंडळींना बिस्किटे, असा धंदा हळूहळू जमत होता.

एका शुक्रवारी दुपारी गटातल्या एक मावशी कणीक मळत होत्या. मिक्सरमधून कट्-कट् असा आवाज आला, मग खर्र झाले आणि हुक थांबला. वर मोटर मात्र जोरात फिरतच होती. दुसऱ्या दिवशीच्या तीन केकच्या ऑर्डरी परत कराव्या लागल्या.

मिक्सर पुण्यात एका दुकानात नेला. दुकानदाराने झाकण न उघडताच सांगितले, "मोटर जळाली. यात पैसे घालू नका, नवीन घ्या." झाले! बैठक बसली. कुणी म्हणाले, मावशींनी पीठ जास्त घातले. कुणी म्हणाले, त्यांना यंत्रातले कळतच नाही. शेवटी मावशींनी पंधराशे रुपये पाच हप्त्यांत भरावेत असे ठरले आणि तो दंड वहीत लिहिला आम्ही. मावशी एवढेच म्हणाल्या, "भाऊ, मी रोजच्यासारखंच केलं. पण तुम्ही लिहिताय म्हणजे खरंच असेल."

हे वाक्य ऐकून घरी आलो, पण जेवण गोड लागले नाही.

पुढच्या रविवारी गटातल्या एका ताईंची लेक सुट्टीला आली होती. तिने आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला आहे. सारी हकीगत ऐकून ती म्हणाली, "काका, मोटर जळाली तर मग फिरत कोण होतं?"

आम्ही गप्प. एवढा साधा प्रश्न आम्हा मोठ्या माणसांपैकी एकालाही सुचला नव्हता.

तिने आम्हाला यंत्राची रचना समजावून सांगितली. मोटर फार वेगाने फिरते, पण तिच्यात रेटा कमी असतो. कणकेला वेग नको, रेटा हवा. म्हणून मधे दातेरी चाके, म्हणजे गिअर घालतात. लहान चाकाने मोठे चाक फिरवले की वेग उतरतो आणि जोर वाढतो. काही यंत्रांत मोटरच्या दांड्याला स्क्रूसारखे आटे असतात आणि ते चाकाचे दाते ढकलतात. काहींत आधी पट्टा असतो. शेवटच्या टप्प्यात हुक स्वतःभोवती फिरतो आणि भांड्याभोवतीही फिरतो, पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरते तसा. त्यामुळे भांड्याच्या कडेचे पीठही सुटत नाही. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेतील हॉबार्ट कंपनीने असा घरगुती मिक्सर 1919 साली बाजारात आणला.

मग तिने उघडण्याआधीची तपासणी सांगितली. ती आम्ही कागदावर उतरवून घेतली, कारण ती कोणालाही करता येते.

आवाजच नाही, काहीच हलत नाही: दोष बहुधा गिअरचा नाही. प्लग, वायर, फ्यूज, गरम होऊन पडलेला ओव्हरलोड स्विच हे आधी पाहावे.

मोटर घूं करते पण अडते: काहीतरी अडकले आहे किंवा पीठ फार घट्ट आहे. लगेच बंद करावे. अडलेली मोटर चालू ठेवली तर खरोखरच जळते.

मोटर पूर्ण वेगाने फिरते पण बीटर थांबलेला: गिअरचे दाते गेले, पिन तुटली किंवा पट्टा सुटला.

ठरावीक अंतराने टक्-टक् होते: चाकाचे एकदोन दाते तुटले आहेत. तेव्हाच थांबले तर बाकीचे भाग वाचतात.

भांड्यात तेलाचा थेंब पडतो: आतल्या ग्रीसमधून तेल सुटले आहे. ग्रीस बदलायची वेळ झाली.

बीटर बुडाला घासतो: हा गिअरचा दोष नाही. मानेपाशी डोक्याची उंची कमीजास्त करायचा स्क्रू असतो, तो पाहावा.

जळका वास आणि मोठ्या ठिणग्या: मोटरचे कार्बन झिजले असतील किंवा वाइंडिंग गेले असेल. येथे जाणकारच हवा.

आमच्या मिक्सरची गत तिसऱ्या ओळीतली. तिने प्लग काढून बाजूला ठेवला. नुसते बटण बंद करून चालत नाही, प्लग डोळ्यांसमोर हवा. मग हाताने हुक फिरवला, तर तो गरगर फिरला. हाताला मोटरचा भार लागलाच नाही. "बघा, मधली साखळी तुटलीय," ती म्हणाली.

जुन्या चादरीवर मिक्सर आडवा ठेवला. प्रत्येक स्क्रू काढण्याआधी तिने मोबाइलवर फोटो घेतला आणि काढलेले स्क्रू अंड्याच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवले. झाकण निघाले. आत ग्रीस होते, पण वाळून काळा डांबरासारखा गोळा झालेला. कापडाने ते पुसले आणि मधले पांढरे नायलॉनचे चाक बाहेर आले. तीन दाते साफ उडालेले.

आता सगळ्याजणी मावशींकडे बघू लागल्या. पण त्या मुलीने चाक उजेडात धरले आणि म्हणाली, "तुटलेले दाते बघू नका, शिल्लक राहिलेले बघा."

शिल्लक राहिलेले सारे दाते झिजून सुरीच्या धारेसारखे पातळ झाले होते. दाता एकदम जास्त भाराने तुटतो तेव्हा शेजारचे दाते जाडजूड असतात. येथे तसे नव्हते. दोन वर्षे कोरड्या ग्रीसवर चाक घासत होते. शिवाय आमच्याकडे येण्याआधी किती वर्षे घासले असेल, कोण जाणे! त्या शुक्रवारी मावशींच्या जागी दुसरी कुणी असती तर तिच्या हातूनही तेच झाले असते.

आणखी एक गोष्ट निघाली. मिक्सरच्या पाटीवर एका वेळी किती पीठ आणि सलग किती मिनिटे, दोन्ही लिहिलेले होते. भांड्यात मावते म्हणून सगळ्याच जणी त्याच्या दुप्पट पीठ घालत होत्या आणि लवकर व्हावे म्हणून वरच्या नंबरावर फिरवत होत्या. घट्ट कणीक खालच्या एक-दोन नंबरावरच मळायची असते. पाटी इंग्रजीत होती. आम्हाला इंग्रजी वाचता येते. दोन वर्षे दर महिन्याला आम्ही त्या मिक्सरशेजारी बसून चहा प्यालो, पण ती पाटी कधी वाचून दाखवली नाही. मग दंड कोणाला व्हायला हवा होता?

नवीन चाकाची शोधाशोध आम्ही स्वतः केली. चाक मागवताना नुसते "मिक्सरचा गिअर द्या" म्हणून भागत नाही. मॉडेल नंबर, दात्यांची संख्या, बाहेरचा व्यास, मधल्या भोकाचे माप, दाते सरळ की तिरपे आणि तिरपे असल्यास कोणत्या बाजूला झुकलेले, हे सारे लिहून न्यावे. जमल्यास जुने चाकच खिशात टाकावे.

एका लेथवाल्याने सांगितले, "नायलॉन कशाला? पोलादाचं करून देतो, जन्मभर तुटणार नाही." आम्हाला हे फार पटले. एकदाच खर्च, पुन्हा कटकट नाही. पण ती मुलगी फोनवर म्हणाली, "काका, अजिबात नको. ते चाक मुद्दाम कमजोर ठेवलेलं असतं. भार फार झाला की ते आधी तुटतं आणि मोटर वाचते. घरातला फ्यूज तसाच. ते पोलादाचं केलंत तर पुढच्या वेळी मोटरच जाईल."

मूळ मापाचे नायलॉनचे चाक साडेचारशे रुपयांना मिळाले. ग्रीस मात्र साधे गाडीचे आणायचे नाही. खाण्याच्या पदार्थाजवळ वापरायच्या ग्रीसवर "एच 1" असा दर्जा लिहिलेला असतो. त्याची ट्यूब तीनशेला पडली. दात्यांना सगळीकडून लागेल एवढेच भरावे, खोका ठासून भरू नये. बसवल्यावर पिन जागेवर आहे का ते पाहून आधी हाताने दोन फेरे दिले, मग मिक्सर रिकामा एक नंबरवर चालवला, मग पाव किलो पीठ. एकूण खर्च साडेसातशे रुपये. नवीन मिक्सर घेतला असता तर पुन्हा दीड वर्षाचे कर्ज झाले असते.

आता ज्यांच्या घरी साधा चटणीचा मिक्सर आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. त्यात असे गिअर नसतात. मोटरच्या टोकावरचा कपलर थेट भांड्याचे पाते फिरवतो. मोटर फिरते आणि पाते थांबते तेव्हा बहुधा कपलरचेच दाते गेलेले असतात. तो बदलणे थोडक्या पैशांचे काम आहे. प्लग काढून मोटरचा दांडा खालून धरावा. मोटर ज्या दिशेला फिरते त्याच दिशेला कपलर वळवला की बहुधा सुटतो. उलट जोर लावला तर आणखी घट्ट होतो. आणि मिक्सर एकदम गप्प झाला तर थोडा वेळ थंड होऊ द्यावा, मग बुडाचे लाल बटण दाबून पाहावे. कित्येक मिक्सर एवढ्यावरून भंगारात गेले आहेत.

आपल्याकडच्या मिक्सरचा जन्मच मुळी दुरुस्तीतून झाला. मुंबईत सीमेन्समध्ये इंजिनिअर असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा परदेशी मिक्सर बिघडला आणि येथे त्याची दुरुस्ती होईना. पत्नी माधुरी यांच्या आग्रहाने त्यांनी आपल्या वाटणाला टिकेल असा मिक्सर स्वतःच तयार केला. तोच पुढे "सुमीत" म्हणून घरोघरी गेला. त्यांची कंपनी 1963 सालची.

दुकानदार सुटा भाग नाही म्हणाला तरी लगेच हार मानू नये. केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने 24 डिसेंबर 2022 रोजी "राइट टू रिपेअर" हे संकेतस्थळ सुरू केले आहे. त्यात सहभागी कंपन्यांचे सुटे भाग, दुरुस्ती आणि हमी यांची माहिती मिळते. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. बिल मात्र जपून ठेवावे.

गेल्या महिन्याच्या बैठकीत आम्ही वही उघडली. मावशींच्या नावापुढच्या दंडावर रेघ मारली, शेजारी "चुकीची नोंद, रद्द" असे लिहून आमची सही केली आणि त्यांनी भरलेला तीनशेचा पहिला हप्ता सगळ्यांसमोर परत दिला. माफीही मागितली. मावशींनी पैसे मोजून कमरेच्या पिशवीत ठेवले आणि म्हणाल्या, "भाऊ, ती इंग्रजी पाटी मराठीत लिहून द्या आधी."

तशी ती लिहून दिली आहे. मिक्सरच्या मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत चिकटवली आहे: पीठ किती, नंबर कोणता, मिनिटे किती. वहीत एक नवा रकानाही आखला आहे. त्यात तारीख, किती किलो मळले, आवाज कसा होता आणि ग्रीस केव्हा बदलले, एवढेच लिहायचे. कोणाच्या हातून बिघडले, असा रकाना त्यात ठेवलेला नाही.