सर्व शेते आवश्यक आहेत

मागच्या महिन्यात आमच्या टीममध्ये एका प्रॉडक्टचं 'मराठी व्हर्जन' रिलीज झालं. केक आला, फोटो झाले. मॅनेजर म्हणाला, "लायब्ररी टाकली, सगळ्या स्ट्रिंग बाहेर काढल्या, एजन्सीकडून मराठी फाइल आली. डन!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. (केक चांगला होता.) पण ते 'डन' तेव्हापासून डोक्यात अडकून बसलंय. आज शनिवार आहे, वेळ आहे, तर ओकून टाकतो.

मी बुलढाणा जिल्ह्यातला. मेहकर तालुक्यातलं छोटंसं गाव. सोयाबीन, तूर, थोडी कपाशी. बाबांची दोन वावरं आहेत, एक वरचं आणि एक खालचं. (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: वावर म्हणजे शेत.) दोन वर्षांपूर्वी सुट्टीत गावी गेलो होतो, तेव्हा बाबांच्या फोनवर हार्वेस्टर बुक करायचं एक ॲप टाकून दिलं. कुठलं ते सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका ॲपचा नाहीच. भाषा 'मराठी' निवडली, दोन्ही वावरांची नोंद करून दिली, आणि "आता मशीनवाल्याच्या मागे फिरायची गरज नाही" असं ऐटीत सांगून पुण्याची गाडी पकडली.

ऑक्टोबरात वरच्या वावरातलं सोयाबीन आधी तयार झालं. खालचं उशिरा पेरलेलं, ते अजून हिरवं होतं. बाबांनी फोन काढला, वरचं वावर निवडलं, तारीख टाकली, बटण दाबलं. लाल अक्षरांत आलं:

"सर्व शेते आवश्यक आहेत."

बाबांनी पुन्हा एकदा करून पाहिलं. पुन्हा तेच. मग ते थांबले. दोन्ही वावरं एकदम काढायची असतील तरच मशीन येणार, असा त्यांनी अर्थ लावला, आणि ते वाक्य वाचून दुसरा अर्थ लागतच नाही. खालचं पिवळं पडायची वाट बघत आठवडा गेला आणि परतीच्या पावसाने गाठलं. वरच्या वावरात उभ्या पिकाच्या शेंगांना कोंब फुटले. त्या वावराचा खर्चही निघाला नाही.

प्रोग्रामर मंडळींना एव्हाना कळलंच असेल. मूळ वाक्य होतं 'ऑल फील्ड्स आर रिक्वायर्ड'. पिनकोडचा रकाना रिकामा राहिला होता. बस्स, एवढंच!

मी चिडून बाबांना म्हणालो, "मला एक फोन का नाही केला?" ते म्हणाले, "मराठीतच लिहेल होतं ना बापा. समजलं मले. मंग तुले कायले फोन करू?"

या उत्तरावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

आता माझं म्हणणं स्पष्ट लिहितो, कुणाला राग आला तर येऊ दे. चुकीची मराठी ही इंग्रजीपेक्षा वाईट. तेच वाक्य इंग्रजीत आलं असतं तर बाबांनी शेजारच्या कॉलेजातल्या पोराला विचारलं असतं आणि दोन मिनिटांत पिनकोड टाकून मोकळे झाले असते. इंग्रजी आली की माणूस सावध होतो. मराठी आली की विश्वास ठेवतो. त्या विश्वासाच्या जागी आपण वाट्टेल ते भरून ठेवतो आणि वर 'डन' म्हणतो.

यावर ऑफिसात पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "ट्रान्सलेटर भिकार होता." अजिबात नाही! जरा त्याच्या जागी बसून बघा. त्याला एक एक्सेल शीट येते. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रिकामं. स्क्रीन दिसत नाही, बटण कुठे आहे ते माहीत नाही. प्रॉडक्ट शेतीचं आहे एवढंच ठाऊक. त्यात 'फील्ड' आलं. तुम्ही काय लिहिलं असतं? मी तरी 'शेत'च लिहिलं असतं. त्याच शीटमध्ये 'क्रॉप' असणार. ते एका स्क्रीनवर पीक, तर फोटो अपलोडच्या स्क्रीनवर फोटो कापायचं बटण. आपण कोडमध्ये दोन्हीकडे एकच शब्द लिहिला, लायब्ररीने दोन्हीकडे एकच भाषांतर लावलं. लायब्ररी बिचारी सांगितलं तेवढंच करते.

आणि गंमत म्हणजे लायब्ररीकडे यावर उपाय आहे. ग्नू गेटटेक्स्ट १९९५ सालचं. त्यात प्रत्येक स्ट्रिंगला संदर्भ जोडायची सोय आहे, तिचं नाव एमएसजीसीटीएक्सटी. 'क्रॉप' दोनदा आला तर दोन वेगळ्या नोंदी होतात. शिवाय कोडमध्ये ट्रान्सलेटरसाठी कॉमेंट लिहिली तर ती थेट त्याच्या फाइलमध्ये जाऊन बसते. अँड्रॉइडच्या स्ट्रिंग फाइलमध्येही ओळीच्या वर कॉमेंट लिहिता येते. "हे फॉर्ममधले रकाने आहेत, शेत नव्हे." एक ओळ! ती ओळ लिहायची कुणी? ट्रान्सलेटरने नाही. आपण. मी.

हे जमत नाही असंही नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. तो ज्या मीडियाविकीवर चालतो, त्याचे संदेश ट्रान्सलेटविकी या साइटवर लोक फुकट, हौसेने भाषांतरित करतात. तिथे संदेशांना माहिती जोडायची पद्धत आहे: हे कुठे दिसतं, बटण आहे की शीर्षक, मधल्या जागी काय येणार. त्यासाठी त्यांनी 'क्यूक्यूक्यू' नावाचा एक खोटा भाषा-कोडच राखून ठेवलाय. फुकट काम करणाऱ्यांना हे जमतं आणि पगार घेणाऱ्या आपल्याला वेळ नसतो!

दुसरी प्रतिक्रिया: "हिंदी आहे ना, तिच्यावरून मराठी करून घेऊ. लिपी तर एकच." अशा फाइली मी स्वतः पाहिल्यात. 'है'च्या जागी 'आहे' टाकलं की काम झालं. अरे, दोन भाषांचे साधे आकड्यांचे नियमसुद्धा वेगळे आहेत! युनिकोडवाल्यांचा सीएलडीआर नावाचा साठा आहे, बऱ्याच मोठ्या लायब्रऱ्या त्यातूनच नियम उचलतात. त्यात हिंदीला ० आणि १ हे दोन्ही एकवचनात जातात, मराठीत फक्त १. हिंदीत सहावा म्हणजे 'छठा', म्हणून ६ साठी वेगळा नियम. मराठीत 'सहावा' पाचव्यासारखाच चालतो, वेगळा नियम नाही. अंकांचंही तेच. मराठीसाठी डीफॉल्ट अंक देवनागरी आहेत, हिंदीसाठी इंग्रजी. म्हणजे ज्यांनी मन लावून काम केलं त्यांनी फरक नोंदवून ठेवलाय. आपण तो कॉपी-पेस्टने पुसतो.

अंकांवरून आठवलं. कित्येक वेबसाइट मराठीत '१,००,०००' असं छान दाखवतात, पण तुम्ही रकान्यात मराठी कीबोर्डवरून '२' टाका, साइट म्हणते "वैध संख्या टाका". कारण जावास्क्रिप्टच्या पार्सइंटला देवनागरी '२' कळत नाही. (पायथॉनला कळतो.) म्हणजे आम्ही तुम्हाला मराठी आकडे दाखवू, तुमच्याकडून घेणार मात्र नाही!

तिसरी गोष्ट म्हणजे आपला आवडता छंद, स्ट्रिंग जोडणे. 'हार्वेस्टर' अधिक 'उपलब्ध झाला'. मग त्याच जागी ट्रॉली आली की 'ट्रॉली उपलब्ध झाला', मळणीयंत्र आलं की 'मळणीयंत्र उपलब्ध झाला'. इंग्रजीला लिंगाची फिकीर नाही, म्हणून आपल्यालाही नाही. गावांच्या नावांचं तसंच. गाव अधिक 'मध्ये' केलं की 'मेहकरमध्ये' ठीक दिसतं, पण 'बुलढाणामध्ये' वाचून आमच्याकडचं लहान पोरही हसेल. 'बुलढाण्यात' म्हणतात, राव! व्याकरण कोडमध्ये घालता येत नसेल तर वाक्य तोडू नका, वाक्यच बदला. 'ठिकाण: बुलढाणा' लिहा, संपला विषय. आणि हो, आमच्या जिल्ह्याचं नाव लोक बुलढाणा लिहितात आणि बुलडाणाही लिहितात. सर्चमध्ये एकच चालत असेल तर अर्ध्या जिल्ह्याला "काहीही सापडले नाही" असं दिसणार.

आणखी एक, जे कुठल्याच लायब्ररीत सापडणार नाही. फॉर्ममध्ये 'क्षेत्र (एकर)' असं असतं. माणूस २.२० टाकतो. त्याच्या मनात असतं दोन एकर वीस गुंठे. ४० गुंठ्यांचा एक एकर, म्हणजे अडीच एकर. कॉम्प्युटर समजतो दोन पूर्णांक दोन दशांश. भाषांतर बिनचूक, आकडा बिनचूक, हिशेब चुकीचा. अशा वेळी एकर आणि गुंठे असे दोन रकाने द्यायचे असतात. पण ते सुचायला आधी एखाद्या शेतकऱ्याशी बोलावं लागतं.

"आता हे सगळं एआय करेल," हे सध्याचं नवीन. करेल की! एआय भाषांतर खरंच बरंच सुधारलंय, मी रोज वापरतो. पण त्यालाही तुम्ही शेतीच्या ॲपची नुसती शब्दांची यादी दिलीत तर 'फील्ड' म्हणजे शेत असंच ते सांगणार. संदर्भ दिलात तर रकाना सांगेल. म्हणजे गाडी फिरून तिथेच आली. संदर्भ कोण देणार? ज्याने स्क्रीन बनवली तो.

आणि शेवटची, सगळ्यात चीड आणणारी: "मराठी युजर तसाही इंग्रजीच वापरतो, डेटा बघ." बरोबर आहे डेटा. आपली मराठी वाचून दोन दिवसांत माणूस भाषा बदलून इंग्रजी करतो. मीही माझ्या फोनवर तेच केलंय. आधी जेवणात खडे टाकायचे आणि मग म्हणायचं, लोकांना भूकच नाही.

मला शुद्ध मराठीचा आग्रह नाही. बाबांना 'ओटीपी' कळतो, 'फॉर्म' कळतो, 'सबमिट'ही कळेल. त्यासाठी 'प्रस्तुतीकरण' वगैरे नको. पण 'रकाना' हा शब्दही त्यांना कळतो. सरकारी फॉर्म भरण्यात त्यांचा जन्म गेलाय. शब्द गावात होताच, फक्त कुणी विचारला नाही.

म्हणून सोमवारी आमच्या टीममध्ये मी तीन गोष्टी मांडणार आहे. एक, एकेकट्या शब्दाची स्ट्रिंग संदर्भ लिहिल्याशिवाय मर्ज होणार नाही. दोन, भाषांतराच्या फाइलीबरोबर स्क्रीनशॉट जाणार. तीन, 'डन' म्हणायच्या आधी ऑफिसबाहेरच्या एका मराठी माणसाने तो फॉर्म आपल्यासमोर भरून दाखवायचा. आपण तोंड उघडायचं नाही, बोट दाखवायचं नाही, फक्त बघायचं. अर्धा तास लागेल. मॅनेजर शेड्यूल दाखवेल, हे मला माहीत आहे. मी त्याला कोंब फुटलेल्या शेंगांचा फोटो दाखवणार आहे. बाबांनी व्हॉट्सॲपवर पाठवला होता, अजून जपून ठेवलाय.

बाकी बाबांनी ते ॲप अजून काढलेलं नाही. "तू टाकून देल्लं हाये, राहू दे" म्हणतात. बुकिंग मात्र आता मशीनवाल्याला फोन करूनच होतं.

असो. चहा गार झाला.