शर्यतींची दाटी आणि पायांची पुंजी

थंडी पडू लागली की महाराष्ट्रातील रस्त्यांवर शर्यतींचा सुकाळ होतो. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. तेव्हापासून मोठ्या शहरांपाठोपाठ जिल्ह्याची गावेही आपापल्या शर्यती भरवू लागली आहेत. लोक धावू लागले, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु जो हौसेसाठी नव्हे, तर आयुष्य घडविण्यासाठी धावतो, त्या होतकरू धावपटूचे या उत्सवात काय होते, याचा विचार फारसा झालेला दिसत नाही. ज्योती गवते यांच्यासारखी धावपटू देणाऱ्या परभणी जिल्ह्याने तरी तो करावयास हवा.

२०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ज्योती गवते यांनी ४२.१९५ किलोमीटरचे अंतर २ तास ५० मिनिटे ५३ सेकंदांत कापून भारतीय महिलांत पहिला क्रमांक पटकावला. पुढील तिन्ही वर्षी त्या दुसऱ्या आल्या. पहिला मान सुधा सिंग यांचा होता. वरवर पाहणारा याला पीछेहाट म्हणेल. वस्तुतः २०१९ मध्ये दुसऱ्या आलेल्या ज्योतींची वेळ २ तास ४५ मिनिटे ४८ सेकंद होती. म्हणजे विजयाच्या वर्षापेक्षा पाच मिनिटांहून अधिक सरस. सत्काराचे हार क्रमांक पाहून घातले जातात, पण प्रगती घड्याळ सांगते, हा पहिला धडा होय.

दुसरा धडा अधिक कठोर आहे. त्याच शर्यतीत सुधा सिंग यांनी २ तास ३४ मिनिटे ५६ सेकंद अशी वेळ दिली, तर टोकियो ऑलिंपिकसाठी महिलांची पात्रता वेळ २ तास २९ मिनिटे ३० सेकंद होती. हे अंतर केवळ जिद्दीने तुटत नाही. त्याला महिनोन्महिन्यांची योजनाबद्ध तयारी लागते. पूर्ण मॅरेथॉननंतर स्नायू सावरण्यास काही आठवडे लागतात, म्हणूनच जगातील अव्वल धावपटू वर्षातून दोन-तीनच मॅरेथॉन धावतात. आपल्याकडील गरीब घरची मुलगी मात्र बक्षिसाच्या रकमेसाठी एका रविवारी एका गावी, तर पुढच्या रविवारी दुसऱ्या गावी धावते. तिला लोभी म्हणणे हा अन्याय ठरेल. त्या रकमेतून बूट येतात, खुराक येतो, प्रवासाचे भाडे निघते. परंतु हे पेरणीचे बियाणे दळून खाण्यासारखे आहे, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागणार नाही.

याउलट उदाहरण सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या ललिता बाबर यांचे. २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉन जिंकूनही त्यांनी पुढे आपले बळ स्टीपलचेसवर एकवटले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळविला. हातची शर्यत सोडण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. पण त्या धैर्यामागे रेल्वेच्या नोकरीचा आधार होता, हेही विसरता कामा नये. पोटाची विवंचना असलेल्याला शर्यत नाकारण्याचे स्वातंत्र्य नसते.

म्हणून जिल्हा प्रशासन, क्रीडाधिकारी आणि संयोजक यांनी एकत्र बसून शर्यतींचे वार्षिक वेळापत्रक आखावे. कोवळ्या मुलांना बक्षिसाच्या आशेने लांब पल्ल्यावर उतरवू नये. परभणीचे ऊन लक्षात घेऊन हिवाळा सरताच रस्त्यावरील शर्यती थांबवाव्यात. स्वागतकमानी व फलकांवर होणाऱ्या खर्चाचा काही भाग बाजूला काढून जिल्ह्यातील चार-पाच गुणी धावपटूंना वर्षभर दरमहा मानधन द्यावे, आणि सिद्ध झालेल्यांना शासनाने वेळीच नोकरी द्यावी. कमानी दुसऱ्या दिवशी उतरतात. जिंतूर वा पाथरीच्या एखाद्या मुलीचे विशीतच निकामी झालेले गुडघे मात्र तिला आयुष्यभर वागवावे लागतात.