दवाखान्याची खिडकी

उमरग्याहून एका भगिनीनें आम्हांस लिहिलें आहे कीं, त्यांचा पुतण्या बारावीनंतर पुढें न शिकतां गांवांतल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर म्हणून राहिला. घरांतील वडीलधाऱ्यांस ही गोष्ट कमीपणाची वाटते आणि पाहुण्यांपुढें ‘तो मेडिकलला आहे’ असें मोघम सांगण्यांत येतें. यावर त्यांनीं आमचें मत विचारलें आहे.

कंपाउंडर म्हणजे मूळचा औषधें एकत्र करून मिश्रण सिद्ध करणारा. रोगी घरून धुतलेली बाटली घेऊन येई. डॉक्टरांच्या चिठ्ठीबरहुकूम औषध मापून, ढवळून तींत भरलें जाई आणि बाटलीवर कडेनें खांचा कापलेली कागदी पट्टी चिकटविली जाई. एका खांचेपासून दुसरीपर्यंत एक डोस! अक्षरओळख नसलेल्या आजीलाहि ती पट्टी वाचतां येई, याचें आम्हांस अजून कौतुक वाटतें. पुढें कारखान्यांतून तयार गोळ्या आल्या, ती विद्या गेली. नांव मात्र राहिलें.

मग आज तो करतो तरी काय? उमरग्यासारख्या ठिकाणीं पुष्कळच. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचें हें गांव. सीमेपलीकडे आळंद आणि बसवकल्याण. दवाखान्याच्या बांकावर मराठी, कानडी आणि दखनी एकमेकींस खेटून बसलेल्या असतात. त्या भागांतील अशाच एका दवाखान्यांत आम्ही बसलों असतां एक बाई डोक्याला हात लावून कानडींत कांहीं सांगत होत्या. परगांवचे तरुण डॉक्टर डोकेदुखीची गोळी लिहूं लागले. तोंच कंपाउंडर दारांतून म्हणाला, “साहेब, दुखत नाहीं म्हणतात, फिरतंय.” रक्तदाब पाहिला, तो फारच वाढलेला निघाला. चिठ्ठी फाडून दुसरी लिहावी लागली.

तेव्हां कमीपणा कामांत नाहीं. आम्हांस भय वाटतें तें निराळेंच. गर्दीच्या दिवशीं डॉक्टर म्हणतात, “अरे, तेवढें इंजेक्शन तूंच दे.” मुलगा देतो. चार वर्षांनीं तो न विचारतां देतो, आणि दहा वर्षांनीं एखाद्या खेड्यांत स्वतःचीच पाटी लावतो. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणें चिठ्ठीवरचें औषध नोंदलेल्या फार्मासिस्टनेंच बनवून द्यावयाचें असतें. डॉक्टर आपल्याच रोग्यांस देतात त्याला तेवढी सूट आहे. हा मुलगा उभा आहे तो त्या सुटीच्या आडोशाला, स्वतःच्या पायांवर नव्हे.

शिकविलें म्हणजे काय होतें, हें त्यांच्याच जिल्ह्यांत पाहावयास मिळालें आहे. १९९३ च्या भूकंपानंतर अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननें खेड्यांतील अल्पशिक्षित बायकांस ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलें. साधे आजार कोणते आणि दवाखान्यांत कोणाला धाडावयाचें, हें त्या शिकल्या.

म्हणून त्या भगिनींस आमचें सांगणें असें कीं, मुलाला रागें भरूं नये. एकदां जवळ बसवून, तूं सुई टोंचतोस का आणि कोणाच्या सांगण्यावरून, हें मात्र स्पष्ट विचारावें. शास्त्र शाखेनें बारावी झाली असल्यास डी. फार्म. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्यास खुला आहे. त्याच्या फीची तजवीज करणें ही घराची जबाबदारी. आणि तोंवर पाहुण्यांस तो कंपाउंडर आहे, असेंच सांगावें.