हात पुढे, पण चेंडू कुठे?

सुरुवातीलाच कन्फेशन. गेल्या सप्टेंबरात एका कंपनीच्या मीटिंगमध्ये मी चक्क थाप मारली. वर्षभराचं न्यूजलेटरचं काम मिळण्याचे चान्सेस होते. फ्रीलान्सरला वर्षभराचं काम म्हणजे काय, हे ज्यांचं भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला कापलं जातं त्यांनाच कळेल! चहा येईपर्यंत इकडच्या-तिकडच्या गप्पा चालल्या होत्या. जानेवारीत त्यांचा गोल्फ डे होता. कुणीतरी विचारलं, ‘डू यू प्ले?’ मी म्हटलं, ‘थोडंफार.’

थोडंफार म्हणजे किती? तर ७ ऑगस्ट २०२१ ला अदिती अशोक टोकियोत चौथी आली, तेव्हा सकाळी सकाळी टीव्हीसमोर बसले होते, तेवढं. त्याच ऑलिंपिकमध्ये पुण्याचा उदयन मानेही खेळला होता, हे मला नंतर गुगल करताना कळलं. त्याआधी ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की मला नाशिकचं मैदान आठवायचं, आणि तिथे तर रणजीच्या मॅचेस होतात!

मग काय, घेतले ड्रायव्हिंग रेंजवर चार धडे. पहिल्याच दिवशी शेजारच्या मॅटवरच्या काकूंनी हसून विचारलं, ‘तू कुठली गं?’ मी नेहमीसारखं म्हटलं, ‘शेगावजवळची.’ वरवट बकाल म्हटलं की समोरचा ‘काय?’ असं दोनदा विचारतो. गेली दहा वर्षं मी त्या दोन ‘काय’ टाळत आले आहे.

मुद्द्याकडे येते. माझा प्रॉब्लेम असा की क्लब चेंडूच्या आधी जमिनीला लागायचा. धप्प! चेंडू चार पावलं सरपटणार आणि मनगटं झिणझिणणार. कोचचं वाक्य ठरलेलं: ‘हँड्स अहेड!’ हात पुढे. मी हात पुढे नेले. इतके पुढे की क्लबचा दांडा पार डाव्या बाजूला झोपला. आता चेंडू खालून, उजवीकडे, बंदुकीच्या गोळीसारखा सुटायला लागला. चार धडे संपले, पैसेही संपले. दिवाळीला गावी जाताना एका मैत्रिणीचं सेव्हन आयर्न आणि सहा जुने चेंडू बॅगेत घातले. शेगाव स्टेशनवर उतरल्यापासून घरापर्यंत तो क्लब ओढणीत गुंडाळून ठेवला होता. लाज, दुसरं काय!

आमच्या वावरात सोयाबीन निघालं होतं, बाजूला तूर उभी होती. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गेले, म्हटलं कोण बघतंय. दहा मिनिटांत बाबा बांधावर. ‘काय करून राह्यली वं?’

मी सांगितलं. कामाचंही सांगितलं, थापेचंही. ते काही बोलले नाहीत. खाली बसून सात-आठ फटके बघितले. मग म्हणाले, ‘चेंडू तं तिथंच हाये. तुह्येच पाय दर टायमाले येगळ्या जागी हायेत.’

च्यायला! चार धड्यांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. आपण सगळे क्रिकेटवर वाढलेले. तिथे चेंडू आपल्याकडे येतो आणि पाय त्याच्यामागे जातात. गोल्फमध्ये चेंडू निवांत पडलेला असतो. तो स्टान्समध्ये मधोमध आहे की डाव्या टाचेसमोर, हे आपण कुठे उभे राहतो त्यावर ठरतं. म्हणजे बॉल पोझिशन हा खरं तर पायांचा मामला.

(मी उजवी आहे. डावखुऱ्यांनी प्लीज सगळं उलटं वाचावं.)

बाबांनी घरामागच्या ढिगातून मागच्या वर्षीच्या दोन तुराट्या आणल्या. एक माझ्या चवड्यांपुढे, जिकडे मारायचं त्या दिशेला समांतर. दुसरी तिला काटकोनात, चेंडूपासून पायांकडे येणारी. चौफुलीनं कपाशी लावणाऱ्या माणसाला काटकोन शिकवावा लागत नाही. रेंजवर याच कामासाठी रंगीत काड्या विकायला ठेवल्या होत्या. किंमत बघून मी जागच्या जागी ठेवून दिल्या होत्या.

आता यातला फंडा. क्लब वर्तुळात फिरतो आणि त्या वर्तुळाचा सगळ्यात खालचा बिंदू साधारण डाव्या काखेखाली येतो. आयर्ननं चेंडू मारायचा तो क्लब अजून खाली येत असताना. आधी चेंडू, मग माती. म्हणून सेव्हन आयर्नला चेंडू मध्यापासून फार तर एक चेंडू डावीकडे. (गोल्फच्या चेंडूचा व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर असतो. म्हणजे इकडेतिकडे चारेक सेंटिमीटरचा खेळ!) छोट्या वेजला चेंडू बरोबर मधोमध. ड्रायव्हरचं उलट. तिथे चेंडू टीवर उंच ठेवलेला, क्लब खालचा बिंदू ओलांडून वर चढताना लागायला हवा, म्हणून डाव्या टाचेच्या आतल्या बाजूसमोर. बेन होगनसारखा दिग्गज मात्र नेहमीच्या सगळ्याच फटक्यांना चेंडू डाव्या टाचेच्या किंचित आत ठेवा म्हणायचा. उजवा पाय तेवढा क्लबप्रमाणे सरकवायचा. पण ते होगन होते. आपण शनिवार-रविवारवाले!

आणि हात? ते बिचारे जवळपास तिथेच राहतात, डाव्या मांडीच्या आतल्या बाजूसमोर. सेव्हन आयर्नला चेंडू त्यांच्या किंचित मागे असतो, म्हणून हात आपोआप दोन-तीन बोटं पुढे दिसतात. ड्रायव्हरला चेंडूच पुढे सरकतो, त्यामुळे हात त्याच्या रेषेत किंवा केसभर मागे. ‘हँड्स अहेड’ ऐकून मी हात ढकलत होते, तेव्हा ढकलायला हवा होता चेंडू. हात उगाच पुढे दाबले की सेव्हन आयर्नचा ३०-३४ अंशांचा उतार मरतो, चेहराही उघडतो. चेंडू उचलायला म्हणून हात मागे ठेवले, तर पुन्हा धप्प. दांडा मांडीला चिकटवायचा नाही, हात खांद्यांपासून सैल लोंबू द्यायचे, मध्ये एक मूठ मावली पाहिजे.

हे तपासायचं कसं? आईची दिवाळीची रांगोळी उरली होती. चेंडू बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी एक आडवी पांढरी रेष ओढली. रेष दोन पायांच्या मध्यापेक्षा किंचित डावीकडे येईल अशी उभी राहिले. आता नुसताच स्विंग. ढेकूळ रेषेच्या पलीकडे उडालं तर पास, अलीकडे उडालं तर नापास. मॅटवर हे कळत नाही, कारण मॅट क्लबला पुढे सरकवून देते आणि तुमची चूक झाकते. काळी माती झाकत नाही. पहिले वीस नापास. बाबा प्रत्येक वेळी ‘आलीकडं’ म्हणत होते, टेनिसच्या लाइन अंपायरसारखे. पंचविसाव्याच्या आसपास ते गप्प झाले. खाली बघितलं तर ढेकूळ रेषेच्या पलीकडे.

मग चेंडू ठेवले. सहातले चार मस्त गेले आणि सापडलेही. दोन त्याहूनही मस्त गेले, थेट तुरीत. तूर माझ्या डोक्याएवढी. तासभर शोधलं. मैत्रिणीला काय सांगू?

जानेवारीत गोल्फ डे झाला. नवशिक्यांचा फक्त रेंजवरचा कार्यक्रम होता, दहा चेंडू. माझे सहा हवेत गेले, दोन सरपटले, दोनांबद्दल न बोललेलं बरं. बॅगेतून दोन तुराट्या काढून जमिनीवर ठेवल्या, तेव्हा तिथल्या साहेबांनी विचारलं, ‘हे काय?’ म्हटलं, ‘तुराट्या. आमच्या वरवट बकालच्या.’ दोन ‘काय’ची वाट बघत होते. ते म्हणाले, ‘अरे, माझी सासुरवाडी खामगावची!’ पुढची पंधरा मिनिटं गोल्फ बाजूलाच राहिला. न्यूजलेटरचं काम मिळालं. त्यात बॉल पोझिशनचा वाटा किती आणि खामगावचा किती, ते मी विचारलेलं नाही.

गेल्या आठवड्यात बाबांचा फोन आला. तूर काढून झाली. एक चेंडू सापडला, देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवलाय. दुसरा अजून नाही. ‘तो लई दूर गेला असंन,’ ते म्हणाले.