पायरी की भिंत?

‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ हे वाक्य आपल्या महिला मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणी ना कुणी म्हणतंच. टाळ्या पडतात, चहा येतो, आणि आपण घरी जातो. मला मात्र या वाक्याचा आता राग येतो. पायरी असेल तर वर कुठेतरी दार हवं. समोर नुसती भिंत असेल, तर तिच्यावर डोकं आपटत राहण्याला चिकाटी म्हणायचं का?

लिहिणाऱ्या बाईला तर हा उपदेश उठता-बसता मिळतो. लेख परत आला? पुन्हा पाठव. परत आला? अजून मेहनत घे. म्हणजे कमी पडते ती नेहमी बाईच!

आपल्या जिल्ह्याला लागूनच बुलढाणा जिल्हा आहे. तिथल्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्यात छापून घेतलं. निमित्त होतं सुरतच्या, आपल्याच तापीकाठच्या, विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेच्या खटल्याचं. नवजात मूल मारल्याचा तिच्यावर आरोप होता. तिच्या नावाने साऱ्या बायकांना नावं ठेवली गेली, तेव्हा ताराबाईंनी विचारलं की हे सारे दोष पुरुषांत नाहीत का? उत्तर कुणी दिलं नाही, टवाळी मात्र झाली. सुधारणेची भाषा बोलणारेही बिथरले. जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये ‘सत्सार’मधून तिची बाजू घेतली. पण असे किती होते? त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. त्यांचं ते एकमेव पुस्तक स. गं. मालशे यांनी पुन्हा लोकांपुढे आणलं 1975 साली, म्हणजे 93 वर्षांनी.

आता सांगा, ताराबाईंनी अपयशातून काय शिकायचं होतं? भाषा मऊ करायला? की गप्प बसायला?

दुसऱ्या बाजूला आपला शेजारी जळगाव जिल्हा. तिथल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी. अक्षरओळख नाही, पण शेतात आणि जात्यावर गाणी रचत गेल्या. त्यांनी कुठल्या संपादकाचं दार ठोठावलं नाही. मुलगा सोपानदेव आणि नात्यातला एक मुलगा ती गाणी उतरवून घेत. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या, सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि 1952 मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. प्रतिभा त्यांचीच होती, त्यात शंका नाही. पण ती आपल्यापर्यंत पोचली, कारण घरात कुणीतरी कान देऊन ऐकत होतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की नकार नकारात फरक करायला शिका. एखादा संपादक लिहितो, ‘शेवटचे दोन परिच्छेद काढा, मुद्दा आधीच संपला आहे.’ असं पत्र देव्हाऱ्याजवळ जपून ठेवावं. त्यात शिकण्यासारखं असतं. पण मला एका मासिकाकडून लेख परत आला तेव्हा एवढंच लिहिलं होतं, ‘भाषा हिंदीमिश्रित वाटते.’ कोणता शब्द, कोणतं वाक्य, काही नाही. अहो, आम्ही बुऱ्हाणपूरची माणसं! घरात मराठी, बाजारात हिंदी, शाळेतही हिंदी. ही आमची बोली आहे, चूक नव्हे. असला नकार लेखाला नसतो, तो गावाला असतो, कधी बाईपणाला असतो. त्याच्यावर रात्र जागवू नका. कागद दुसरीकडे पाठवा आणि कणीक मळायला घ्या.

आणि आपल्या माणसांनाही दोन शब्द. समाजाच्या पत्रिकेत तपस्या करणाऱ्या बायकांचे फोटो छापतात, ते छापायलाच हवेत. पण एखाद्या बाईने विचार मांडला, तर तिला म्हणतात, ‘ताई, एखादी पाककृती द्या ना.’ आणि वर चिकाटीचा उपदेश! चिकाटी हवेत पिकत नाही. तिला रोजचा एक निवांत तास लागतो. तो तास देणारं घर लागतं, संध्याकाळचा चहा स्वतः करून घेणारा नवरा लागतो. आणि लिहिलेलं वाचून ‘इथे मला कंटाळा आला’ असं तोंडावर सांगणारी मैत्रीण लागते.

मैत्रिणींनो, मंडळात पुढच्या वेळी सुविचार नको. महिन्यातून एकदा एकीने आपलं लिखाण वाचावं. बाकीच्यांनी टाळ्या न वाजवता, कुठे पटलं आणि कुठे नाही ते बोलावं. आणि घरात सासूची, आईची जुनी वही सापडली, तर ती रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी एकदा उघडून वाचा.